एका आढ्याखाली

आमचे गावचे घर गळते, हे आईने फोनवर कधीच सांगितले नाही. 'पाऊस कसा आहे?' असे विचारले की 'पडतोय बरा' एवढेच उत्तर यायचे. खरी गोष्ट कळली ती २०२१ च्या गणपतीत. रात्री पाणी प्यायला उठलो तर माजघरात पातेली, घमेली, एक जुना पितळी डबा अशी सात-आठ भांडी मांडलेली, आणि आईची खाट नेहमीच्या जागेवरून सरकत सरकत देवघराच्या दाराशी आलेली. तेव्हा तिचे वय एकोणऐंशी. कोणते भांडे किती वेळात भरते हे तिला आवाजावरून कळत होते. मला त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही.

घर दापोली तालुक्यातले, आजोबांनी बांधलेले. मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, लांबी साठ फुटांच्या आसपास. २००९ साली त्याची वाटणी झाली. पूर्वेकडचा अर्धा भाग आमचा, पश्चिमेकडचा चुलतभावांचा. ते सगळे डोंबिवलीला, त्यामुळे त्यांच्या भागाला बारा महिने कुलूप. वाटणी सरळ मनाने झाली नव्हती. त्यानंतर थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, आणि मी, लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी बोलत नव्हतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि मंडणगड-दापोलीलाही त्याने झोडपले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरे उडाली. मृग चार दिवसांवर, त्यात टाळेबंदी. कौले मिळेनात, ताडपत्रीला वाटेल तो भाव. शेजाऱ्यांनी आईच्या डोक्यावर ताडपत्री ओढून दिली, पुढे पडवीवर पत्रे घातले, आणि आम्ही शहरात बसून 'झाले काम' असे समजलो. ज्यांची गावाकडे घरे आहेत त्यांना या समजुतीची सवय असेल.

आता मात्र पक्के काम करायचे ठरले. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच : 'स्लॅब टाका, कटकट मिटेल.' तालुक्याच्या गावातून एक इंजिनिअर आणला. त्याने भिंतीत खिळा ठोकून पाहिला आणि सांगितले की मातीतल्या भिंतीवर स्लॅबचा भार देता येणार नाही, आतून काँक्रीटचे खांब उभे करावे लागतील. म्हणजे जुन्या घरात नवे घर बांधायचे. शिवाय कोकणात अलीकडे एक गंमत दिसते. स्लॅब गळतो म्हणून लोक त्याच्यावर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याचे छप्पर घालतात. दोन छपरांचा खर्च करून पुन्हा उताराच्या छपरापाशीच यायचे, तर उतार काय वाईट?

पत्रा स्वस्त, हलका, झटपट होणारा. पण पडवीवरच्या पत्र्याचा अनुभव गाठीशी होता. जुलैच्या पावसात त्याखाली शेजारचा माणूस बोललेला ऐकू येत नाही आणि एप्रिलच्या दुपारी तिथे बसवत नाही. कौलाची अडचण एकच, ती म्हणजे वानर. वानरांची टोळी छपरावरून एकदा धावून गेली की पाच-पंचवीस कौले सरकतात किंवा फुटतात, आणि कौले सारखी करायला वर चढणारा माणूस आता पटकन मिळत नाही. कितीतरी घरांवरची कौले या एका कारणाने उतरली आहेत. आईला विचारले तर ती म्हणाली, 'वानर काय रोज येतात? पत्रा रोज असतो.' कौले ठरली.

कौल म्हणजे कौल, त्यात काय पाहायचे, असे मला वाटत होते. आमच्या छपरावरच्या काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा आहे. लहानपणी आम्ही ती कौले १८६५ सालची म्हणून मित्रांना दाखवत असू. खरे तर ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे साल. पहिल्या महायुद्धानंतर कारखाना मिशनच्या हातून गेला. आमचे घर नंतरचे, तेव्हा आमची ती ठेवणीतली कौलेही आजोबांनी दुसऱ्या कुठल्यातरी छपरावरून आणलेली असणार.

मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला पुढे आलेली नाके असतात, ती रिपेवर अडकतात. कडांना खाचा असतात, शेजारच्या कौलाची कड तीत बसते. त्या खाचेतून पाणी खाली घरंगळते, म्हणून कौलारू छप्पर चुन्या-सिमेंटाशिवाय पाणी धरत नाही. पण खाच प्रत्येक कारखान्याची वेगळी. लांबीतही पाव-अर्ध्या इंचाचा फरक. दोन रिपांमधले अंतर साधारण साडेबारा इंच, आणि ते हातातल्या कौलावरून ठरवायचे असते. आमच्याकडे वादळानंतर मिळतील ती कौले घुसडली होती, त्यामुळे एकाच छपरावर तीन कारखाने नांदत होते आणि तिघांच्या सांध्यांतून पाणी येत होते. वर नवीन कौल कितीही घातले तरी गळती थांबत नव्हती त्याचे कारण हे.

हे मला शिकवले सुतारकाकांनी. सत्तरीचा माणूस, छपराची कामे मुलाकडे सोपवलेली, पण आईने निरोप पाठवला म्हणून आले. त्यांनी हिशेब सांगितला. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौले, आमच्या अर्ध्या भागाच्या उताराला साडेसोळाशे. एकेका कौलाचे वजन अडीच किलोच्या घरात, म्हणजे डोक्यावर चार टन, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. 'कौलं काय, मिळतील. ती ज्याच्यावर बसायची ते बघू,' असे म्हणून ते शिडीने माळ्यावर गेले. खाली आले ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'भाऊ, आढं गेलंय. मधल्या भिंतीपाशी. तुमच्याकडे हातभर, पलीकडे किती ते कुलूप काढल्याशिवाय कळणार नाही.'

आढे का गेले, त्याचे उत्तर वाटणीत होते. माजघराच्या मध्यावर ऐनाचा एक खांब होता, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत. आजी त्याला रवीची दोरी बांधून ताक करायची, म्हणून तो घुसळखांब. २००९ साली पंचांनी टेप धरली तेव्हा वाटणीची रेघ नेमकी त्या खांबातून गेली. खांब कोणाचा, यावर दोन दिवस घालवले. दादाने हट्ट सोडला नाही, मीही सोडला नाही. शेवटी तो कापून काढायचा आणि त्या जागी साडेचार इंची विटांची भिंत चढवायची, असा तोडगा निघाला. भिंत आढ्याला टेकली म्हणजे झाले, असे सगळ्यांनाच वाटले. तिला पाया नव्हता. ती मातीच्या जमिनीवर उभी होती, दोन-तीन पावसाळ्यांत बसली, तिच्याबरोबर आढे लवले, तिथली कौले उघडली, आणि पाणी दोन्हीकडच्या लाकडात मुरले. पाठोपाठ वाळवी आली. वादळाचे निमित्त झाले, एवढेच.

आता घर अर्धे वाटलेले असले तरी आढे एकच. दुरुस्ती करायची तर त्यांचे कुलूप आणि मधली भिंत दोन्ही उघडायला हवीत. तेरा वर्षांनी मी दादाला फोन केला. फोन हातात घेऊन दोनदा खाली ठेवला, हे कबूल करतो.

'दादा, मी बोलतोय. घराचं आढं गेलंय. तुमच्या अंगाला जास्त.'

'बरं. मग?'

'कुलूप काढायला लागेल. मधली भिंतही थोडी.'

तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'काकू कुठे झोपते?'

'देवघरापाशी. भांडी मांडून.'

किल्ली कोणाबरोबर तरी पाठवील असे वाटले होते. शिमगा आटोपल्यावर तो स्वतःच आला. दार उघडले तेव्हा आतल्या भिंतीवर वाळवीचे मातकट माग छपरापर्यंत चढलेले होते. दादा उंबऱ्यातच थांबला. त्याला 'मी तेव्हाच स्लॅब म्हणत होतो' हे म्हणायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी तो ते म्हणालाही. पण आढ्याचा खर्च निम्मा-निम्मा, ज्याच्या त्याच्या रिपा-कौलांचा ज्याचा तो, हे त्याने लगेच मान्य केले. यंदा माझ्या भागाला फक्त फुटकी कौले बदला, रिपांना पैसे नाहीत, असेही स्पष्ट सांगितले. मला ते बरे वाटले. गोडगोड बोलून मागे सरणाऱ्यांपेक्षा असा हिशेब परवडतो.

काम करायला कोकणात वेळ किती मिळतो, याची शहरात कल्पना येत नाही. शिमग्यात पालखी सोडून कोणी येत नाही, पुढे आंब्यात सगळे हात अडकतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग दाराशी. लाकडाचे वेगळेच. ऐन, किंजळ, फणस ही झाडे स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि ताजे लाकूड लगेच छपरावर चढवू नये. म्हणून शेजारच्या गावात पाडलेल्या एका घराचे सुकलेले लाकूड घेतले, त्याच घराची एकाच छापाची सहाशे कौलेही घेतली. आमची चांगली राहिलेली कौले निवडून, ब्रशने घासून, छापाप्रमाणे लावून ठेवली. एक उतार एका छापाचा, दुसरा दुसऱ्याचा, असे सुतारकाकांनी ठरवले. उरलेली तिसऱ्या छापाची दादाच्या भागात एका कोपऱ्यात गेली.

भिंत आठ फूट फोडली. सडलेल्या आढ्याचा अकरा फुटांचा तुकडा काढला. नवा सांधा यायचा तो बरोबर जुन्या खांबाच्या जागी, तिथे आधार हवाच. आई म्हणाली, 'खांब गोठ्याच्या माळ्यावर आहे की.' कापलेले ऐनाचे दोन तुकडे तिने सरपणात जाऊ दिले नव्हते. मोठा तुकडा नऊ फुटांचा, वाळवीने तोंड न लावलेला. सुतारकाकांनी मापे घेऊन मान हलवली, लांबी भरत नव्हती. मग गवंड्याने खाली पाया खणून पाच फुटांचा चिऱ्यांचा ओटा उचलला आणि खांब त्यावर उभा राहिला. दिसायला ठेंगणा दिसतो, पण भार घेतो.

कौले उतरलेली असताना मेच्या मध्यावर एक रात्र अवकाळी पाऊस आला. दादा आणि मी लुंगी खोचून ताडपत्रीची दोन टोके धरून उभे होतो. बोललो काहीच नाही, पण टोक कोणी सोडले नाही.

छप्पर उघडे होते तोवर विजेच्या तारा बदलल्या, लाकडाला काजूच्या टरफलांचे काळे तेल पाजले, माजघरावर दोन काचेची कौले घातली. खाली आईसाठी आतच संडास-न्हाणीघर काढायचे होते, रात्री अंगण ओलांडून जाणे बंद व्हायला हवे होते. कोठीची खोली त्याला जवळची, पण तिथून शोषखड्डा विहिरीला लागत होता. जांभा सच्छिद्र, पाणी पाझरते, तेव्हा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब जायलाच हवे. त्यापायी नळ घराला वळसा घालून न्यावा लागला आणि उतार साधता साधता न्हाणीघराची जमीन पाच इंच वर आली. म्हणजे जो उंबरा काढायचा तोच नवा तयार झाला. तिथे उतरती लादी हवी होती, पण गवंड्याला पावसाआधी ते जमले नाही. धरायच्या दांड्यांचे स्क्रू जांभ्यात टिकेनात, भुगा होऊन निघायचे. अखेर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून पट्टी लावली. चकचकीत लाद्या दुकानदाराने फार आग्रहाने दाखवल्या, त्या नाकारून खरखरीत घेतल्या. म्हाताऱ्या माणसांच्या घरात चकाकी नको.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. वळचणीला पागोळ्या धरल्या आणि आईने खाट पूर्वीच्या जागी ओढून घेतली. काचेच्या कौलातून पहाटेच उजाडते, झोप मोडते, ही तिची पहिली तक्रार. तिसऱ्या दिवशी मी डोंबिवलीला फोन केला.

'दादा, तुझ्याकडे ओटीवर गळतंय.'

'किती?'

'रात्रीत पातेलंभर.'

'ठेव पातेलं. दिवाळीनंतर येतो, रिपा बघू.'

मधल्या भिंतीत आठ फुटांचे भगदाड तसेच होते, त्यावर आईचे जुने लुगडे टांगले होते. ते बुजवायला गवंडी पावसानंतर येणार होता. नोव्हेंबरात तो आला तेव्हा आईने त्याला न्हाणीघराच्या उंबऱ्याचे काम दाखवले, ते झाल्यावर चहा दिला, मजुरी दिली आणि परत पाठवले.