एक्स-रेतला प्रत्येक काळा ठिपका पू नसतो
खालच्या जबड्याच्या एक्स-रेत उपदाढेच्या मुळाशी गोल काळा ठिपका दिसला, की पू झाला असा समज होतो. पण ते मेंटल फोरामेन (ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस हाडाबाहेर येते ते छिद्र) असू शकते. त्याची जागा माणसागणिक बदलते. काहींना एकाच बाजूला दोन छिद्रे असतात. फोटोत मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, तसे हे छिद्र मुळाला चिकटलेले भासते. एक्स-रेचा कोन बदलला की ते मुळापासून सरकते. पुवाची जागा मुळाशीच राहते. शिवाय ठिपका फक्त छिद्राचा असून दात जिवंत असेल, तर त्या दाताला सहसा गारवाही जाणवतो. त्यामुळे ठिपका दिसताच घाबरू नये. मात्र दंतवैद्यांकडून खात्री जरूर करून घ्यावी.