तीन बोटं

पोस्टर पानठेल्याच्या फळीवर चिकटवलेलं होतं. वर सायकलचं चित्र आणि खाली ‘कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी सायकल फेरी, रविवार, पहाटे साडेपाच, झिरो माइल’. त्याच्या हातभर खाली ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन खर्रा घोटत होता. त्याचा हात मागेपुढे होई तसा पोस्टरचा सुटलेला कोपरा हलत होता. कोणी लावलं, असं विचारल्यावर त्याने हनुवटीनेच शेजारच्या सायकल दुकानाकडे खूण केली. “काकाजींनी. फाटलं का नवीन लावते.”

मानेवाड्याच्या त्या वळणावरून मी रोज जाते, पण त्या दुकानात कधी थांबले नव्हते. रविवारी मात्र धाकट्या भावाची सायकल घेऊन निघाले.

फेब्रुवारीची पहाट, अंगात स्वेटर हवाच अशी. झिरो माइलच्या दगडी खांबाजवळ, चार घोड्यांच्या बाजूला शंभरेक माणसं जमली होती. गिअरच्या सायकली आणि हेल्मेटवाले बरेच. डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हापासून नागपुरात पहाटे असे जथे सर्रास दिसतात. पण त्यांच्यात दूधवाल्याची कॅरिअरवाली काळी सायकलही होती आणि नऊवारीतल्या एक आजी नातवाच्या मागे डबलसीट बसल्या होत्या. नावं लिहिणं, छातीवर नंबर, झेंडा, दोन भाषणं. भाषणं लांबली. साडेसहाला चाकं हलली आणि वर्धा रोडने जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयाकडे निघाली.

अशा फेऱ्या जगात नव्या नाहीत. बिली स्टार नावाच्या अमेरिकन तरुणाची आई कॅन्सरने गेली. त्याने 1980 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये 36 सायकलस्वार घेऊन पहिली फेरी काढली, ती अजून दरवर्षी निघते. त्याच साली नागपुरात कॅन्सरच्या रुग्णांची रीतसर नोंदवही सुरू झाली, शहरात कोणाला, कुठला कॅन्सर होतो याची. तोंडाचा कॅन्सर इथल्या पुरुषांत किती आहे, हे आपण इतकी वर्षं मोजत आलो आहोत. माहीत नाही म्हणून आपल्याकडे माणसं मरतात असं मला वाटत नाही.

विमानतळाच्या चौकापुढे माझं मागचं चाक बसलं. पुढचा घोळका दिसेनासा झाला. पाच मिनिटांत मागून छोटा हत्ती आला. सगळ्यांच्या शेवटी चालणारी गाडी. हौद्यात दोन बंद पडलेल्या सायकली, पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि काकाजी.

“ताई, उतरा. होऊन जाते.”

त्यांनी टायर सोडवला, ट्यूब बाहेर ओढून घमेल्यात दाबत दाबत फिरवली. एका जागी बुडबुड्यांची बारीक रांग उठली. तिथे बोट ठेवलं, फडक्याने पुसलं, काचकागदाने घासलं, सोल्युशन लावलं. त्या रबराच्या तिखट वासाने मला शाळेच्या वाटेवरची दुकानं आठवली. तिथला प्रत्येक पंक्चरवाला सोल्युशन लावलं की त्यावर फुंकर मारायचा. काकाजींनी फुंकर मारली नाही. खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून वारा घालत बसले. मी बघते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं.

“फुकता येत नाही मले. गाल ताठ झाले नं.” मग हाताची तीन बोटं जुळवून, उभी करून तोंडासमोर धरली. “चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं जाते. माझ्या दीड.”

चौदाव्या वर्षी खर्रा लागला. पंचवीस वर्षं गालात होता. आधी तर्री झोंबायला लागली, मग साधं वरण झोंबायला लागलं, मग भाकरीचा घास तोंडात जाईना. याच फेरीच्या पहिल्या वर्षी ते नुसते पंक्चर काढायला आले होते, रोजीवर. जामठ्याला तपासणीच्या टेबलावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काकाजी, तीन बोटं घाला बरं. तेव्हा कळलं. कॅन्सर झालेला नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी आहे, दर काही महिन्यांनी दाखवावं लागतं. खर्रा त्या दिवशी सुटला. रोजी पण त्यांनी पुन्हा घेतली नाही.

“आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी खाणारे?” मी विचारलं. माझ्या घरात असं एक माणूस आहे.

“गाल तर सुपारीनंच जाते, ताई.”

ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तंबाखू नसला तरी, कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, खर्रा मात्र ठेल्याठेल्यावर घोटला जातोच आहे. पाहुण्यापुढे सुपारीचं तबक सरकवताना आपला हात अजून अडखळत नाही.

ठिगळ बसलं. मी पैसे काढले, तर काकाजींनी मान हलवली. “पैसे नको. तीन बोटं घाला.” रस्त्याच्या कडेला, सकाळी सात वाजता मी तोंड उघडून तीन बोटं घातली. गेली. जिभेवर रबराची चव आली. काकाजींनी वहीत माझ्या नंबरापुढे एक रेघ मारली आणि टायर चढवला.

पुढचं अंतर मी हौद्यातच बसून गेले. चिंचभवन, खापरी, क्रिकेटचं मैदान. वाटेत चार सायकली मिळाल्या. एकाची चेन उतरलेली, एकाचा ब्रेक चाकाला घासत होता, दोन पंक्चर. मजुरी चौघांनाही तीच, सायकल परत घेताना द्यायची.

जामठ्याला मांडवात तर्री-पोहे चालले होते. एका टेबलावर एक नर्सताई पैशांचा हिशेब मांडून बसल्या होत्या. गेल्या वर्षीची वही त्यांनी मला वाचायला दिली. भाषणांपेक्षा त्या वहीत मला ही फेरी जास्त कळली. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, यांचा खर्च निघतो. पण तोंडाच्या कॅन्सरचा शेक सहा-सात आठवडे चालतो, आठवड्यातून पाच दिवस. गडचिरोलीहून आलेल्या माणसाने तेवढे दिवस कुठे राहायचं? सोबत आलेल्या बायकोने रोजी बुडवून काय खायचं? रेल्वेत रुग्णाला सवलत आहे, पण गावापासून स्टेशनापर्यंतची वाट तिकिटाशिवाय सरत नाही. वहीत हेच होतं. खोलीचं भाडं. ऑटो. मुलीची शाळेची फी. दूध पावडर. आणि एका ओळीत नुसतं ‘मिक्सर 1’.

“मिक्सर?”

“नाकातून नळी टाकली की सगळं अन्न पातळ करून द्यावं लागतं. गडचिरोलीच्या त्या पेशंटच्या घरी पाटा-वरवंटा होता. गाठी राहायच्या, नळी तुंबायची.”

त्या ओळीवरून माझी नजर हटेना. शंभर माणसांनी सोळा-सतरा किलोमीटर सायकल मारली आणि गडचिरोलीच्या एका घरात डाळ बारीक झाली. अशा फेऱ्यांना हौस म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांना ही वही दाखवावी असं मला फार वाटतं.

तपासणीच्या टेबलाकडे मात्र गर्दी नव्हती. दहा-बारा जण बसले, तेही पन्नाशीपुढचे. तरुण पोरं पोह्यांच्या रांगेत फोटो काढत होती. चेन उतरलेला मुलगा, असेल वीसेक वर्षांचा, हौद्याजवळ आपली सायकल घ्यायला आला.

“तीन बोटं,” काकाजी म्हणाले.

तो हसला. बोटं घातली. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. पुन्हा हसला, बोटं पँटला पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळेला हसला नाही. काकाजींनी हातातला पाना खाली ठेवला, त्याच्या दंडाला धरलं आणि टेबलाकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला, गाल आतून चाचपला आणि मेडिकलच्या आवारातल्या सरकारी दंत रुग्णालयात जायची चिठ्ठी लिहून दिली. मुलगा चिठ्ठी खिशात कोंबून सायकलकडे वळला, तर काकाजींनी तिचं पुढचं चाक काढून ठेवलेलं.

“मंगळवारी जाय. कागद दाखव अन् सायकल ने.”

“काकाजी, मले कामावर जायचं असते नं!”

“बसनं जाय. भाडं मी देतो.”

परतीच्या वाटेवर ती सायकल चाकाविना आमच्या पायाशी आडवी होती. काकाजींनी घरून आणलेली दूध-पोळीची वाटी उघडली. पोळी दुधात पूर्ण विरघळेपर्यंत थांबले, मग चमच्याने, डोकं थोडं मागे टाकून, खाल्ली.

बुधवारी संध्याकाळी मी दुकानात गेले. सायकल नव्हती. मुलगा येऊन, कागद दाखवून घेऊन गेला होता. त्या कागदाची झेरॉक्स काकाजींनी काढून घेतली होती, ती खिळ्याला अडकवलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली.

“काय लिहिलं हाय, वाचा बरं.”

“तोंड उघडतं, 27 मिलिमीटर. सुपारी पूर्ण बंद. तोंडाचा व्यायाम. महिन्याने दाखवणे.”

“सत्तावीस,” ते म्हणाले. पान्यांच्या पेटीत हात घालून त्यांनी चोवीस-सत्तावीसचा दुतोंडी पाना काढला. सत्तावीसच्या खाचेत आपली दोन बोटं घातली, ती बसली. तिसऱ्याला जागा नव्हती. शेजारून खर्रा घोटल्याचा आवाज येत होता. त्यांनी पाना उलटा केला, चोवीसची बाजू स्वतःच्या तोंडासमोर धरून क्षणभर तोंड उघडलं, आणि मग तो फडक्याने पुसून पेटीत परत ठेवला.