श्नायडर व्हर्सेस बाक्स

श्नायडर व्हर्सेस बाक्स : डच दिग्दर्शक आलेक्स व्हान वार्मरडाम यांचा गुन्हेविनोदी चित्रपट (२०१५). नेदर्लंड्स व बेल्जियम यांची संयुक्त निर्मिती, अवधी सु. ९६ मिनिटे. रहस्यरंजन, प्रहसन, कौटुंबिक नाट्य आणि दोन बंदुकबाजांच्या द्वंद्वावर उभारलेला ‘वेस्टर्न’ या चार चित्रप्रकारांची त्यात सरमिसळ आहे. त्याच वर्षी तो स्वित्झर्लंडमधील लोकार्नो चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविण्यात आला.

श्नायडर (अभिनेता टॉम डेविस्पेलार) हा सुपारी घेऊन खून करणारा इसम. त्याला पत्नी व दोन मुली असून ज्या दिवशी कथा घडते तो त्याचा वाढदिवस आहे. सकाळीच मेर्टेन्स नावाचा मध्यस्थ दूरध्वनी करून एक तातडीचे काम सांगतो : पाणथळ प्रदेशातील एका एकाकी घरात राहणाऱ्या रामोन बाक्स या लेखकाला ठार करावयाचे. बाक्सने लहान मुलांचे खून केले आहेत, असेही त्याला सांगण्यात येते. काम झटपट उरकून घरच्या समारंभाला परतता येईल, अशा हिशेबाने श्नायडर निघतो. वस्तुतः बाक्स हाही मेर्टेन्सचाच माणूस असून त्याला श्नायडरचा काटा काढण्यास सांगितलेले असते. दोघेही शिकारी आणि दोघेही सावज, ही या कथेची मूळ कल्पना. बाक्सची भूमिका स्वतः दिग्दर्शकानेच केली आहे.

एवढ्यावर एखादा सरळ थरारपट सहज उभा राहिला असता. येथे मात्र दोन्ही मारेकऱ्यांना घरगुती अडचणी सुखाने काम करू देत नाहीत. बाक्स मद्य आणि मादक द्रव्ये यांच्या आहारी गेलेला. त्याची विषण्णतेने ग्रासलेली मुलगी फ्रान्सिस्का त्याच दिवशी भेटीला येते. तिच्या येण्यापूर्वी त्याला आपल्या तरुण मैत्रिणीची घाईघाईने रवानगी करावी लागते. पुढे त्याचा वृद्ध बापही येऊन दाखल होतो. नको त्या वेळी नको ते पाहुणे येणे, हे प्रहसनाचे फार जुने यंत्र. व्हान वार्मरडाम यांनी त्याला फक्त एक भरलेली बंदूक जोडून दिली. चित्रप्रकारांचे मिश्रण म्हणजे एक प्रसंग हसविणारा आणि पुढचा घाबरविणारा, अशी पाळी लावणे, असा पुष्कळांचा समज असतो. या चित्रपटात तसे नाही. एकच प्रसंग एकाच वेळी दोन प्रकारांच्या नियमांनी चालतो. पात्रे मुळीच विनोद करीत नाहीत. ती आपापल्या कामात गंभीरपणे गढलेली असतात. खून हे त्यांच्या लेखी दिवसाच्या यादीतील एक काम असते, आणि इतर कामांप्रमाणेच ते लांबणीवर पडत जाते.

चित्रपटाचे स्थळ विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. गुन्हेपटाची परंपरा रात्र, पाऊस, अरुंद गल्ल्या व लांब सावल्या यांवर पोसलेली. येथे जवळजवळ सर्व घटना एकाच दिवसाच्या लख्ख उन्हात घडतात. सपाट जमीन, संथ पाणी, वर प्रचंड आकाश. आडोसा म्हणून काय ते बोरूचे रान. माणूस त्यात शिरला की दिसेनासा होतो, परंतु त्यालाही पुढचे दिसत नाही. आणि तो हलला की शेंडे हलतात. नेमबाजाला याहून गैरसोयीची रणभूमी क्वचितच मिळेल. छायालेखक टॉम एरिसमान यांनी या उघडेपणाचा पुरेपूर उपयोग केला आहे. डच चित्रपटाला हा भूप्रदेश नवा नव्हे. बेर्ट हान्स्ट्रा यांचा फानफारे (१९५८) हा अतिशय लोकप्रिय विनोदी चित्रपट खीटहोर्न या कालव्यांच्या गावी चित्रित झाला होता. त्यातील भांडण गावच्या वाद्यवृंदात पडलेल्या फुटीचे. तेथील पाणी प्रसन्न होते. येथील पाणी तेवढेच सुंदर असूनही त्याची धास्ती वाटते.

व्हान वार्मरडाम (१४ ऑगस्ट १९५२–  ) यांचा जन्म हार्लेमचा. ॲम्स्टरडॅमच्या रीटफेल्ड कला अकादमीत शिक्षण घेऊन ते रंगभूमीकडे वळले. ‘हाउझर ओर्काटर’ आणि नंतर ‘मेक्सिकन कुत्रा’ अशा अर्थाच्या नावाची नाट्यसंस्था यांतून त्यांची कोरड्या, तर्कविसंगत विनोदाची शैली घडली. आबेल (१९८६) हा त्यांचा पहिला चित्रपट. बोर्गमान (२०१३) कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. डच चित्रपटाला हा मान जवळपास चार दशकांनी मिळाला. त्यांचे काम बरेचसे घरचेच : बंधू मार्क निर्माते, पत्नी आनेट मालहेर्ब अभिनेत्री, आणि पटकथा नेहमी स्वतःची. आबेलमध्ये घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मुलाची भूमिका त्यांनी केली होती आणि त्याच्या बापाची आंरी गार्सां यांनी. एकोणतीस वर्षांनंतर बाक्सचा बाप म्हणून पुन्हा गार्सांच येतात. जुन्या प्रेक्षकाला त्यात वेगळीच गंमत वाटते, पण ती न कळल्याने काही बिघडत नाही.

अशा चित्रपटांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : खुनावर हसविणे म्हणजे खून क्षुल्लक करणे. प्रस्तुत चित्रपटाबाबत तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. काही दुय्यम पात्रे केवळ कथेची सोय म्हणून येतात आणि जातात, आणि त्यांच्याविषयी चित्रपट फारसा हळहळत नाही. मात्र मुख्य पात्रांपुरता विचार केल्यास वेगळे चित्र दिसते. नेहमीच्या गुन्हेपटात प्रेक्षकाला एक बाजू दिलेली असते. बाक्स बालहत्यारा आहे असे कानी पडताच ती येथेही मिळाल्यासारखी वाटते. मग तीच गोष्ट सांगणाऱ्याच्या सोयीची होती हे उमगते आणि श्नायडरचा, तसाच प्रेक्षकाचाही, नैतिक आधार काढून घेतला जातो. उरतात दोन थकलेली, चिडचिडी माणसे आणि त्यांच्यामध्ये एक मुलगी. फ्रान्सिस्काच्या भूमिकेत मारिया क्राकमान यांनी विनोदाला कोठेही दाद न देता अभिनय केला आहे. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिरावतो तेव्हा प्रेक्षागृहातील हशा ओसरतो.