साल्वादोर बंदरातील एक दिवस

मालवाहू जहाज कोणत्याही बंदरात फार काळ थांबत नाही. माल उतरला, नवा चढला की नांगर उचलावयाचा. त्यामुळे रत्नागिरीचा किंवा गोव्याचा खलाशी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला, तरी पाय मोकळे करावयास त्यास मिळतो तो जेमतेम एक दिवस. ब्राझीलमधील साल्वादोर हे शहर तेवढ्या पायपिटीतही पुष्कळ काही सांगून जाते. आणि त्यातील बरेचसे आपल्या घरचे असते.

१५४९ साली पोर्तुगीजांनी हे शहर वसविले. १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी येथेच होती. शहर दुमजली आहे. खाली समुद्रकाठी धक्के, वखारी व बाजार. वर सुमारे सत्तर मीटर उंच कड्यावर चर्च, चौक व जुने वाडे. दोहोंना जोडणारी लासेर्दा नावाची लिफ्ट १८७३ साली सुरू झाली. तिच्या समोरच १८६१ सालची जकातीची इमारत असून, १९७१ पासून तीत बाजार भरतो.

रस्त्यावरील फळांच्या गाड्यांपाशी आपला खलाशी थबकतो. तेथे आंबा आहे, त्याचे नाव ‘मांगा’. फणस आहे, त्याचे नाव ‘जाका’. ही दोन्ही नावे मल्याळम भाषेतून पोर्तुगीजांनी उचलली आणि फळांबरोबर तिकडे नेली. शेजारी बोंडासह काजू आहे. तो मूळचा तिथलाच. त्याचे नाव तेथील तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आले व तेथून मराठीत उतरले. पाव, चावी, बादली, पगार हे शब्द ओळखावयासही त्यास दुभाषा लागत नाही. हुलसूर समुद्रापासून कितीतरी दूर. पण तेथील बाजारातील मिरची, भुईमूग, पेरू आणि सीताफळ यांचे मूळही अमेरिका खंडातच आहे.

ही देवघेव घडली कशी? १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज सरदार हिंदुस्थानकडे निघाला असता, वाटेत ज्या किनाऱ्यास लागला, तो आजच्या याच बाईया प्रांताचा. तेथून तो पुढे कालिकतला गेला. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडले. पुढे गोव्याहून लिस्बनकडे परतणारी जहाजे पाणी भरण्यासाठी व डागडुजीसाठी साल्वादोरला थांबू लागली. हिंदी कापड व मसाले तेथे उतरत. बाईयाची तंबाखू गोव्यास येई. दोन्ही किनारे उष्ण, म्हणून एकीकडचे रोप दुसरीकडे सहज रुजले.

लिफ्टने वर गेल्यावर चौकात पांढऱ्या झग्यातील स्त्रिया कढई मांडून बसलेल्या दिसतात. त्या चवळी भिजवून, सोलून, वाटून तिचे वडे लाल पामतेलात तळतात. या वड्याचे नाव ‘आकाराजे’. तो चिरून आत काजू, शेंगदाणे, नारळाचे दूध व सुकी कोळंबी यांचे वाटण भरतात. काजू-शेंगदाणे अमेरिकेचे, नारळ हिंदी महासागराकडचा, चवळी व पामतेल आफ्रिकेचे. एका वड्यात तीन खंड आले. पण आफ्रिका तेथे आपण होऊन आली नाही, तिला बेड्या घालून आणण्यात आले.

तेथून थोडेसे चालले की ‘पेलोरिन्यो’ नावाचा उतरता चौक लागतो. रंगीत घरांचा हा भाग १९८५ पासून जागतिक वारसा मानला जातो. पेलोरिन्यो म्हणजे चाबकाचे फटके देण्याचा खांब. ब्राझीलमध्ये सुमारे अठ्ठेचाळीस लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून उतरविली गेली. पश्चिम आफ्रिकेत त्यांची जी किंमत मोजली जाई, तीत हिंदी मागांवर विणलेले कापडही असे. चौकाच्या उतारावर निळे चर्च आहे. कृष्णवर्णीयांच्या बंधुसंघाने १७०४ साली त्याचे काम हाती घेतले. दिवस मालकाचा, म्हणून फावल्या वेळी श्रम करून हे मंदिर उभे राहिले. पुरे होण्यास जवळजवळ शतक लागले. कढईवर बसणाऱ्या आफ्रिकी स्त्रियांपैकी काहींनी पैपैसा साठवून आपली सुटका विकत घेतली. कायद्याने गुलामगिरी संपली ती १८८८ साली.

दिवस मावळताना खलाशी धक्क्याकडे परततो. याच बंदरात १८६८ साली इंग्लंडकडे निघालेल्या एका जहाजातून आंध्रातील ओंगोल जातीच्या गुरांची एक जोडी उतरली. नेल्लोरवरून त्यांना तेथे ‘नेलोर’ म्हणतात, आणि आज ब्राझीलमधील बहुतेक गुरेढोरे हिंदी वंशाची आहेत. देवणी बैलांच्या मुलखातील शेतकऱ्यास याचे कौतुक वाटेल. परंतु गुरांच्या त्या जोडीची जात आणि साल कागदावर आहे. त्याच किनाऱ्यावर उतरविलेल्या माणसांपैकी बहुतेकांची मूळ नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.