पसंतीक्रमाचा अर्ज

बारावीचा निकाल लागून सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की महाराष्ट्रातील घरोघरी अभियांत्रिकी प्रवेशाचा जो एक अर्ज भरण्याचा प्रसंग उपस्थित होतो, त्यावर होणारा खल पाहिला म्हणजे पूर्वी सोयरीक जुळविताना होणाऱ्या बैठकींची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. या अर्जात महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्या ३०० पर्यंत लिहिता येतात, आणि मामांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकजण त्यांच्या क्रमावर आपला अभिप्राय नोंदवून जातो.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. २०० गुणांची ही परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने, आपल्या सत्रातील किती टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीस वा आपल्या मागे राहिले, एवढेच तो आकडा सांगतो.

पुढे जागावाटप होते ते गुणवत्ता यादीच्या क्रमाने. उमेदवाराची पाळी आली, की त्याची पसंती वरून खाली वाचीत जावे आणि त्याला मिळू शकणारी जी पहिली जागा रिकामी दिसेल ती त्याच्या नावे लिहावी, असा यंत्राला हुकूम असतो. त्यापलीकडे त्याला ना भीड ना मुर्वत. म्हणूनच 'तेथे आपल्याला कोण घेणार' अशा संकोचाने मनातील महाविद्यालय खाली ढकलणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो. कारण अशक्य वाटणारी जागा वर लिहिल्याने खालची जागा तिळमात्र दूर जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती बंधनकारक ठरते, पुढील फेऱ्यांची दारे मिटतात; तेव्हा भिऊन लिहिलेली पहिली ओळ तेवढी महाग पडते.

मागील वर्षीचे कटऑफ पाहतानाही ते कोणत्या रकान्यातील आहेत हे तपासावे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत राज्यस्तरीय जागांपैकी सामान्यतः ७० टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना व ३० टक्के बाहेरच्यांना असतात, त्यामुळे नांदेडच्या मुलाने पुण्याच्या मुलाचा आकडा आपला मानू नये. शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा संकेतांकही निराळा असतो. तो लिहिला नाही, तर पालकांचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही त्या जागेवर हक्क सांगता येत नाही.

मग शाखा मोठी की महाविद्यालय, हा वाद. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली उघडले ते बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. तेथेच शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी पुढे खडकवासल्यास पाणी चढताच आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. आज त्याच स्थापत्यशाखेचे नाव बहुतेकांच्या यादीत तळाशी, संगणकाची सारी रूपे संपल्यावर येते, यास मी केवळ काळाचा महिमा म्हणणार नाही. त्यात बरेच मेंढरांचे अनुकरणही आहे. तथापि ज्याला यंत्राचे वा बांधकामाचे काडीचे आकर्षण नाही, त्याने केवळ संस्थेच्या नावलौकिकासाठी चार वर्षे ती शाखा सोसावी, असेही माझे मत नाही. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालये निघत गेली आणि त्यांतील दर्जाचे अंतर इतके मोठे आहे, की प्रवेशद्वाराच्या कमानीवरून काहीच कळत नाही. राष्ट्रीय मानांकन मंडळाचे (एनबीए) मानांकन संस्थेला नव्हे तर एकेका शाखेला मिळते, हे ध्यानात ठेवून आपल्या शाखेपुरते विचारावे. आणि शक्य झाल्यास एखाद्या दुपारी प्रयोगशाळेत डोकावून यंत्रांवर धूळ आहे की तेल, ते पाहावे.

एवढे ठरल्यावरही सरकारी कचेऱ्यांची वाट चुकत नाही. जातपडताळणीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला यांपैकी लागू असलेला कागद मुदतीत दप्तरी दाखल झाला नाही, तर राखीव जागेचा वा सवलतीचा हक्क हातचा जाऊ शकतो, आणि इतक्या विचाराने रचलेली यादी यंत्र भलत्याच रकान्यात वाचते. निकालानंतर त्या कचेऱ्यांपुढे लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, ते धाकट्या भावंडाचे दाखले दिवाळीच्या सुट्टीतच काढून ठेवतात.