वय कळल्याशिवाय वाक्य संपत नाही

1886 च्या जुलै महिन्यात होमर हल्बर्ट नावाचा तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण सोलमध्ये येऊन पोहोचला. राजा गोजोंगने काढलेल्या नव्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला त्याला आणि आणखी दोघांना बोलावलं होतं. युग्योंग गोंगवॉन हे त्या शाळेचं नाव. पहिल्या तुकडीत पस्तीसएक विद्यार्थी आणि त्यांचे दोन विभाग. एकात आधीच दरबारी हुद्द्यावर असलेले अधिकारी, दुसऱ्यात घरंदाज कुटुंबांतले होतकरू तरुण. कुणी पालखीतून येई, कुणी घोड्यावरून, आणि पुस्तकं धरायला सोबत नोकर असे. इंग्रजीचं पहिलं अक्षर फळ्यावर उमटण्याआधीच कुणी कोणत्या विभागात बसायचं हे हुद्द्यावरून ठरलेलं होतं.

हल्बर्टने कोरियाची हांगुल लिपी काही दिवसांतच शिकून घेतली. सेजोंग राजाने 1446 मध्ये प्रजेसाठी जाहीर केलेली ही लिपी इतकी सुटसुटीत आहे की परक्या माणसालाही ती चटकन वाचता येते. दरबारी मंडळी मात्र चिनी अक्षरांत लिहिण्यातच प्रतिष्ठा मानत. हल्बर्टला ते पटेना. त्याने जगाच्या भूगोलाचं एक पाठ्यपुस्तक संपूर्ण हांगुलमध्ये लिहिलं आणि त्याच्या नावातच सांगून टाकलं की हे ज्ञान विद्वानांना हवं तसंच सामान्य माणसालाही हवं. इंग्रजी शिकवायला आलेला हा माणूस पुढे कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी अमेरिकेत आणि हेगमध्ये खेटे घालत राहिला. 1949 मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, तो सोलला परतला आणि आठवड्याभरात तिथेच वारला. हान नदीकाठच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्याची कबर आहे.

आज कोरियाच्या विद्यापीठांत शेकडो परदेशी माणसं इंग्रजी शिकवतात. पालख्या गेल्या, पण हल्बर्टसमोर होतं तेच काम त्यांच्याहीसमोर आहे. पुस्तक शिकवायचं आणि त्याच वेळी समोरच्या खोलीतली, डोळ्यांना न दिसणारी मांडणी वाचायची. ही मांडणी कशी चालते हे जितकं पाहावं तितका मी थक्क होतो, कारण तिचं मूळ थेट कोरियन भाषेच्या व्याकरणात आहे.

मराठीत आपण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड करतो आणि क्रियापद त्यामागे जातं. कोरियन माणसाला ही निवड जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी करावी लागते. 'पाऊस पडतोय' एवढं सांगायचं असलं तरी ऐकणारा कोण आहे त्यावर क्रियापदाचा शेवट बदलतो. 'जेवण' या अर्थाचा शब्दसुद्धा बदलतो. मित्राशी बोलताना एक, वरिष्ठांशी दुसरा, घरातल्या आजोबांसाठी तिसराच. आणि वरच्या माणसाला 'तुम्ही' म्हणायची सोयच नाही. तिथे सर्वनाम गाळून त्याचा हुद्दा घ्यायचा. प्राध्यापकाला 'ग्योसुनिम' म्हणतात, आणि विद्यार्थी त्याला सर्वनामाच्या जागीही ग्योसुनिमच म्हणतो.

कोरियन माणूस पहिल्याच भेटीत वय विचारतो तेव्हा पाश्चात्त्य पाहुणा बिचकतो. पण समोरच्याचं वय कळल्याशिवाय याचं वाक्य संपतच नाही, मग तो करणार काय? आणि हे वयही सरळ नव्हतं. जन्मल्याबरोबर मूल एक वर्षाचं, आणि पुढे दर 1 जानेवारीला सगळ्या देशाचं वय एकदम एकाने वाढायचं. 28 जून 2023 पासून सरकारी कामकाजात वाढदिवसावरून वय मोजण्याचा कायदा लागू झाला आणि कागदोपत्री कोट्यवधी माणसं एका दिवसात एक-दोन वर्षांनी लहान झाली. विद्यापीठात वयाच्या जोडीला आणखी एक आकडा चालतो, प्रवेशाचं वर्ष. मुलं ओळख करून देताना नाव, विषय आणि हा आकडा सांगतात. एक वर्ष आधी आलेला तो सॉनबे, नंतर आलेला तो हुबे. त्यातच मुलगे मध्येच दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा करून परततात, त्यामुळे एकाच वर्गात एकोणीस वर्षांची मुलगी आणि चोविशीतला, सैन्यातून आलेला तरुण शेजारी शेजारी बसलेले असतात. कोण कुणाशी कसं बोलणार हे त्या दोघांना पहिल्या मिनिटात कळलेलं असतं. शिक्षकाला कळायला सहामाही जाते.

आता या वर्गात इंग्रजी बोलायचं आहे, जिथे सगळ्यांना एकच 'यू' आहे.

नव्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यात जी गाढ शांतता भेटते, तिची उकल इथे होते. प्रश्न विचारला की वीस डोकी वहीत. या मुलांना इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. 1997 पासून तिथे तिसरीतच इंग्रजी सुरू होतं. नोव्हेंबरमधल्या सुनुंग या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा पेपर सत्तर मिनिटांचा असतो, प्रश्न 45, त्यांतले 17 ऐकून सोडवायचे. ते ऐकणं सुरू असताना, दुपारी 1.05 ते 1.40 या वेळात, देशभर विमानांची उड्डाणं आणि उतरणं बंद ठेवतात. आधीच आकाशात असलेली विमानं जमिनीपासून उंच ठेवून घिरट्या घालायला लावतात. पाच लाखांच्या आसपास मुलांना एक इंग्रजी संवाद नीट ऐकू यावा म्हणून देशाने आपलं आकाश शांत करावं, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मला तिची सवय होत नाही. पण त्या पेपरात बोलणं कुठेच नाही. दहा वर्षं वाचलेली, ऐकलेली, घोटलेली भाषा तोंडातून काढायची वेळ येते ती विद्यापीठातल्या परदेशी शिक्षकापुढे, आणि तीही सॉनबेच्या देखत. चुकलं तर त्याच्यासमोर चुकणार. आणि बरोबर आलं, फारच छान आलं, तर त्याच्यापेक्षा पुढे गेल्यासारखं होणार.

म्हणून अनुभवी शिक्षक अख्ख्या वर्गाला प्रश्न टाकत नाहीत. दोघादोघांच्या जोड्या लावतात, आधी लिहून काढायला वेळ देतात, मग बोलायला सांगतात. आणि तिथे चमत्कार घडतो. चोविशीतला तरुण आणि एकोणीस वर्षांची मुलगी कोरियनमध्ये ज्या अंतरावरून बोलले असते ते अंतर इंग्रजीत उरतच नाही. ती त्याला सरळ 'तुझं म्हणणं मला पटत नाही' असं सांगते. मातृभाषेत हेच वाक्य तिने किती वळणं घेऊन मांडलं असतं! ही मोकळीक कोरियन लोकांनी स्वतःही हेरली आहे. काकाओ या बड्या कंपनीत कर्मचारी एकमेकांना हुद्द्याने हाक मारत नाहीत, इंग्रजी नावं घेतात. संस्थापक किम बॉम-सू तिथे 'ब्रायन' आहेत. 2002 च्या विश्वचषकात कोरियाला उपांत्य फेरीपर्यंत नेणारे डच प्रशिक्षक खुस हिडिंक यांनी मैदानावर आदरार्थी बोलणं बंद करायला सांगितलं होतं. चेंडू मागताना आदराचे प्रत्यय जोडत बसायला वेळ कुठून आणणार?

वर्गाबाहेर पडल्यावर मात्र शिक्षक पुन्हा त्या शिडीवर येतो, आणि तिथे त्याची पायरी विचित्र असते. हाक मोठी, 'ग्योसुनिम'. राजा, गुरू आणि पिता एकच, हे तिथलं जुनं वचन. विद्यार्थी दोन्ही हातांनी कागद देतो, वाकून निरोप घेतो. नोकरीचा करार मात्र बहुधा वर्षा-दोन वर्षांचा, आणि तो पुढे वाढायचा की नाही हे ठरवताना विद्यार्थ्यांनी दिलेलं मूल्यमापन पाहिलं जातं. अनेक विद्यापीठांत हा अर्ज भरल्याशिवाय विद्यार्थ्याला स्वतःचा निकाल दिसत नाही, म्हणून तो भरतात सगळेच. म्हणजे जो मुलगा वाकून नमस्कार करतो त्याच्याच हातात गुरूच्या नोकरीची किल्लीही असते.

त्यात भर घालते ती सापेक्ष गुणपद्धत. समजा वर्गात तीस मुलं आहेत आणि नियम असा की 'ए' श्रेणी तीस टक्क्यांपर्यंतच द्यायची. म्हणजे नऊ जण. 'ए' आणि 'बी' मिळून सत्तर टक्के, म्हणजे एकवीस. उरलेल्या नऊ जणांनी कितीही छान निबंध लिहिले असोत, त्यांच्या वाट्याला 'सी' किंवा त्याखालचंच. शिक्षकाने उदार होऊन दहावी 'ए' भरली तर संगणक पान पुढे जाऊच देत नाही. टक्केवारी विद्यापीठागणिक बदलते, कोविडकाळात ती बरीच सैल झाली, भाषेच्या वर्गांना काही ठिकाणी सूटही असते. पण नववा आणि दहावा यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक असतो तेव्हा हजेरीचा एकेक दिवस मोलाचा ठरतो. तिथे शिक्षक इतक्या काटेकोरपणे हजेरी का ठेवतात ते यावरून कळतं. या हजेरीला इतिहासही केवढा मोठा! 1398 मध्ये सोलला उभारलेल्या सोंगग्युनग्वान या राजविद्यालयात सकाळ-संध्याकाळ भोजनगृहातल्या वहीत सही केली की एक गुण मिळे. असे 300 गुण साठल्याखेरीज विद्यालयातली खास परीक्षा देता येत नसे.

निकाल लागला की काही दिवस हरकतींसाठी राखलेले असतात. तेव्हा येणारे ईमेल फार हळुवार असतात. 'प्रकृतीची काळजी घ्या' पासून सुरुवात आणि शेवटच्या ओळीत शिष्यवृत्तीचा उल्लेख. शिक्षकाने इथे पाघळून चालत नाही, कारण एकाला वर घेतलं की दुसऱ्या कुणाला तरी खाली ढकलावं लागतं.

आदर आणि गुण यांची सरमिसळ रोखणारा कोरियाचा लाचप्रतिबंधक कायदा मला विशेष वाटतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश किम यंग-रान यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि 28 सप्टेंबर 2016 रोजी लागू झाला. सरकारी नोकर, पत्रकार आणि खाजगी संस्थांतले शिक्षकसुद्धा त्याच्या कक्षेत येतात. त्या पहिल्याच दिवशी पोलिसांकडे फोन आला की एका विद्यार्थ्याने प्राध्यापकाला कॉफीचा डबा दिला. फोन करणाऱ्याने नाव सांगितलं नाही, म्हणून प्रकरण पुढे गेलं नाही. पण अर्थ स्पष्ट होता. जो तुम्हाला गुण देणार आहे त्याला कॉफीसुद्धा नको. 15 मे हा सेजोंग राजाचा जन्मदिवस तिथे शिक्षकदिन म्हणून पाळतात आणि त्या दिवशी शिक्षकाच्या कोटाला कार्नेशनचं फूल लावण्याची प्रथा आहे. या कायद्यानंतर ते फूल विद्यार्थी प्रतिनिधीने सगळ्यांसमक्ष दिलं तरच चालतं. एका फुलाची एवढी चिकित्सा करणाऱ्या समाजाबद्दल मला आदर वाटतो.

परदेशी शिक्षक सर्वांत जास्त कुरकुरतात ते ऐनवेळी येणाऱ्या निरोपांवरून. उद्यापासून वर्ग दुसऱ्या इमारतीत, परवा विद्यापीठाचा उत्सव म्हणून तास रद्द, त्याची भरपाई शनिवारी. मला यात बेशिस्त दिसत नाही. कागद खालून वर जातो, प्रत्येक टेबलावर मंजुरी घेतो, आणि शेवटची मंजुरी मिळेपर्यंत खालच्या कुणीही त्याबद्दल बोलणं म्हणजे वरच्याच्या आधी निर्णय जाहीर करणं. मंजुरी मिळाली की मात्र सगळं झपाट्याने हलतं, आणि सगळं कोरियनमध्ये. मधला दुवा असतो तो विभागाच्या कार्यालयातला 'जोग्यो', बहुधा पदव्युत्तर शिकणारा विशी-पंचविशीतला साहाय्यक. प्राध्यापकाच्या तुलनेत तो खालच्या पायरीवर, पण खोलीची किल्ली, छपाईयंत्र, व्हिसाचे कागद, सगळं त्याच्या हातून जातं. त्याच्याशी ज्याचं जुळलं त्याचे निम्मे प्रश्न सुटले.

रात्रीच्या सामूहिक जेवणाला, म्हणजे 'ह्वेशिक'ला, मी थोडक्यात आटोपतो, कारण त्याबद्दल कोरियन मालिकांनी आपल्याला पुष्कळ दाखवलं आहे. आपला पेला आपण भरायचा नाही, वडीलधाऱ्यांसमोर पिताना मान किंचित वळवायची. 2018 पासून आठवड्याला 52 तासांची कामाची मर्यादा आली, मग कोविड आला, आणि ही जेवणं आता पुष्कळ कमी झाली आहेत.

यापेक्षा मोठा बदल विद्यापीठांच्या दाराशी उभा आहे. कोरियाचा जननदर 2023 मध्ये 0.72 वर आला. 2000 च्या आसपास प्रवेश परीक्षेला आठ लाखांहून जास्त मुलं बसत, आता पाच लाखांच्या आसपास. तिथे एक म्हणणं रूढ झालंय की विद्यापीठं चेरीच्या फुलांच्या क्रमाने बंद पडतील. चेरी आधी दक्षिणेत फुलते, मग बहर वर सोलकडे सरकतो. टाळंही त्याच वाटेने, आधी दक्षिणेतल्या लहान शहरांत. परदेशी शिक्षकांच्या जागाही याच क्रमाने आटत जाणार हे उघड आहे.

आपल्याकडच्या कुणाला तिकडे इंग्रजी शिकवायला जायचं असेल तर वाट अरुंद आहे, पण आहे. संभाषण शिकवण्याचा ई-2 व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार कराराने अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये साहाय्यक इंग्रजी शिक्षक होण्याची मुभा दिली. विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाच्या ई-1 व्हिसाला अशी देशांची यादीच नाही.

आणि तिथे मराठी माणसाकडे एक असं भांडवल आहे ज्याची यादीतल्या सात देशांत फारशी कुणाला कल्पना नसेल. कोरियन वाक्यात मराठीसारखंच आधी कर्ता, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येतं. 'इन सोल' नाही, 'सोलमध्ये'. कोरियनमधला त्या अर्थाचा प्रत्ययही नामाच्या मागेच लागतो. 'अ' आणि 'द' ही उपपदं त्यांच्याकडे नाहीत, आपल्याकडेही नाहीत. कोरियन मुलाच्या निबंधात 'द' कुठे गळणार, क्रियापद कुठे मागे रेंगाळणार, हे टेक्सासहून आलेल्या शिक्षकाला वह्या तपासता तपासता उमगतं. साताऱ्याच्या शाळेत पाचवीत इंग्रजी सुरू केलेल्या शिक्षिकेच्या स्वतःच्या वहीत त्याच जागी लाल शाईच्या खुणा होत्या.