नायसिया ते कॉन्स्टँटिनोपल : छप्पन्न वर्षांचा एक वाद

चौथ्या शतकातील रोमन इतिहासकार अम्मिआनस मार्सेलिनस हा ख्रिस्ती नव्हता, आणि ख्रिस्ती लोकांच्या आपसांतील बखेड्यांविषयी त्याला विशेष ममत्वही नव्हते. तथापि सम्राट कॉन्स्टँटियसच्या कारकिर्दीचा जमाखर्च मांडताना त्याने जी एक तक्रार नमूद केली आहे, तीत त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या परस्परसंबंधाच्या, वादाचे बाह्य रूप जितके स्वच्छ दिसते तितके धर्मपंडितांच्या ग्रंथांतूनही क्वचितच दिसत असेल. परिषदेमागून परिषद भरविण्याच्या या सम्राटाच्या हौसेपायी बिशपांचे तांडे सरकारी डाकेच्या घोड्यांवरून इकडून तिकडे धावत राहिले आणि त्या ओढाताणीत डाकव्यवस्थाच मोडकळीस आली, असे तो म्हणतो. ज्या प्रश्नापायी ही घोडी दमली तो प्रश्न वरकरणी साधा होता : पुत्र हा पित्याइतकाच अनादी आहे काय?

प्रश्नाला तोंड फुटले ते ३१८ च्या सुमारास अलेक्झांड्रियात. तेथील बाउकॅलिस भागातील धर्मगुरू आरियस याचे म्हणणे असे की, ज्याला आपण जन्मलेला म्हणतो त्याला आरंभ असलाच पाहिजे. सबब पुत्र सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, पण तोही निर्मितच. आरियसला पुढे पाखंड्यांचा मुकुटमणी ठरविण्यात आले. परंतु ईश्वराचे एकत्व अबाधित राखावे हाच त्याचा हेतू होता, हे मान्य न करणे अन्यायाचे होईल. खलाशांना नि पिठाच्या गिरणीवरच्या मजुरांना गाता यावीत अशी गीते रचून त्याने आपले मत बंदरभर पसरविले. बिशप अलेक्झांडर आणि त्याचा तरुण सहायक अथनेसियस यांचा आक्षेप निराळ्याच बाजूने आला : पुत्र निर्मित असेल तर जो स्वतःच सृष्टीपैकी एक आहे तो सृष्टीला तारणार कसा? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच वाद मिटेना.

३२४ मध्ये लिसिनियसचा पाडाव करून एकछत्री सत्ताधीश झालेल्या कॉन्स्टंटाईनला हा सारा मामला क्षुल्लक वाटला. तसा खलिताही त्याने कॉर्डोबाच्या होसियसहाती दोन्ही पक्षांकडे रवाना केला. त्याचा उपयोग न झाल्यामुळे ३२५ च्या उन्हाळ्यात नायसियाच्या राजवाड्यात बिशपांची परिषद बोलावली. उपस्थितांची संख्या परंपरेने ३१८ सांगितली जाते. ती उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहामाच्या ३१८ माणसांशी नेमकी जुळते, तेव्हा तिच्यावर फार भिस्त ठेवू नये हे बरे. परिषदेने आरियसच्या मताची वाट बंद करणारा एक शब्द मतांगीकारात घातला : होमोऊसिऑस, म्हणजे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. शब्द शास्त्रात कोठेही नव्हता. एवढेच नव्हे, तर सुमारे अर्धशतकापूर्वी अंत्युखियात समोसाटाच्या पॉलच्या प्रकरणात तोच शब्द त्याज्य ठरला होता. तरीही सम्राटाची इच्छा ओळखून बहुतेकांनी सह्या केल्या. दोघांनी अखेरपर्यंत नकार दिला आणि आरियससह हद्दपारी पत्करली. कैसरियाचा युसेबियस सही करून परतला खरा, पण आपण कबूल केले ते नेमके काय, हे आपल्या लोकांना समजावण्यासाठी त्याला एक लांबलचक पत्र लिहावे लागले.

नायसियाच्या या दस्तऐवजातच पुढील तंट्याचे बीज होते. मतांगीकाराच्या शेवटी जे बहिष्काराचे कलम जोडले होते, त्यात पुत्र हा निराळ्या 'हिपोस्तासिस'चा अथवा निराळ्या 'ऊसिया'चा आहे असे म्हणणाऱ्यांचा धिक्कार केला होता. म्हणजे हे दोन ग्रीक शब्द परिषदेने जणू समानार्थी मानले होते. पूर्वेकडील अनेक सत्प्रवृत्त बिशपांना मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन हिपोस्तासिस आहेत असे म्हणण्याची सवय होती. उलट लॅटिन भाषिकांच्या दृष्टीने हिपोस्तासिस या शब्दाचा अक्षरशः अनुवाद 'सुब्स्टांतिया', म्हणजे तत्त्व, असाच होत असल्याने तीन हिपोस्तासिस म्हणजे उघडउघड तीन देव! पूर्वेला पश्चिमेच्या बोलण्यात तिघांचा भेद पुसून टाकणाऱ्या साबेलियसचा वास येई, तर पश्चिमेला पूर्वेच्या बोलण्यात आरियसचा.

मधल्या काळाचा इतिहास कष्टदायक आहे, आणि तो सगळा उगाळण्याची आवश्यकता नाही. ३२८ मध्ये बिशप झालेला अथनेसियस पाच वेळा परागंदा झाला. आर्सेनियस नामक एका बिशपाचा खून करून त्याने त्याचा हात जादूटोण्यासाठी ठेवला आहे असा त्याच्यावर आरोप होता. तो आर्सेनियस दोन्ही हातांनिशी जिवंत हजर करण्यात आला. तेव्हा शत्रूंनी अलेक्झांड्रियाहून राजधानीला जाणारे धान्य अडविण्याच्या धमकीचा आरोप पुढे आणला, आणि धान्याची बाब निघताच कॉन्स्टंटाईनने त्याची रवानगी थेट त्रियरला केली. ईश्वराच्या स्वरूपाविषयी सबुरी बाळगणारा सम्राट भाकरीविषयी ती बाळगीत नाही. पुढे कॉन्स्टँटियसच्या कारकिर्दीत, ३५७ मध्ये, सिर्मियमला वादग्रस्त शब्दांवरच बंदी घातली गेली. ३५९ मध्ये रिमिनी येथे जमलेल्या पश्चिमेच्या चारशेवर बिशपांना सह्या होईपर्यंत घरी जाऊ द्यायचे नाही असा हुकूम निघाला, आणि थकलेल्या माणसांनी 'पुत्र पित्यासारखा आहे' एवढ्या गुळमुळीत वाक्याखाली सह्या ठोकल्या.

माझ्या मते या छप्पन्न वर्षांतील खरी कलाटणी कोणत्याही मोठ्या परिषदेत मिळाली नाही. ती मिळाली ३६२ मध्ये, अलेक्झांड्रियातील एका जेमतेम वीसेक बिशपांच्या बैठकीत. ख्रिस्ती धर्म सोडलेल्या जुलियन बादशहाने सर्व हद्दपारांना परत येण्याची मुभा दिली होती. त्यात ख्रिस्ती लोक आपसांत भांडून मरावेत असा त्याचा अंतःस्थ हेतू होता, असे अम्मिआनसच सांगतो. परतलेल्या अथनेसियसने 'तीन हिपोस्तासिस' म्हणणाऱ्यांना विचारले : तुम्ही तीन निरनिराळे देव मानता काय? त्यांनी नाही म्हटले. 'एकच हिपोस्तासिस' म्हणणाऱ्यांना विचारले : तुम्ही पुत्राचे अस्तित्व नाममात्र समजता काय? त्यांनीही नाही म्हटले. चाळीस वर्षांच्या भांडणानंतर प्रतिपक्षाला 'तुझ्या शब्दाचा अर्थ काय?' असे शांतपणे विचारण्याचा हा प्रसंग आला, आणि विचारणारा होता तो आयुष्यभर कडवा म्हणून गाजलेला म्हातारा! अंत्युखियातील चर्चमध्ये याच वादापायी पडलेली फूट मात्र याने सांधली गेली नाही, कारण तेथे एका उतावळ्या पाहुण्या बिशपाने दरम्यान एका प्रतिस्पर्धी बिशपाला दीक्षा देऊन टाकली होती.

उरलेले काम कप्पदुकियातील तिघांनी केले : कैसरियाचा बासील, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी, आणि त्यांचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. बासीलने ऊसिया आणि हिपोस्तासिस यांत सामान्य आणि विशेष असा भेद केला, म्हणजे मनुष्यत्व आणि हा अमुक मनुष्य यांत जो असतो तो. आपल्याकडच्या न्यायशास्त्राच्या वाचकाला येथे जाती आणि व्यक्ती ही जोडी आठवल्यावाचून राहणार नाही. अडचणही लगेच तीच उद्भवली : पेत्र, याकोब, योहान हे तीन मनुष्य, तर पिता, पुत्र, आत्मा हे तीन देव का नव्हेत? निसाच्या ग्रेगरीने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तिघांचे कार्य प्रत्येक वेळी एकच असते, यावर भर दिला. जाताजाता नोंदवावेसे वाटते की मराठी माणूस या विषयात शिरताच त्रिमूर्तीची उपमा काढतो. पण एकाच ईश्वराने सृष्टी, स्थिती आणि लय यांसाठी घेतलेली तीन रूपे, असा त्रिमूर्तीचा जो अर्थ आपल्याकडे प्रचलित आहे तो साबेलियसच्या मताजवळचा, अर्थात चर्चने नाकारलेलाच आहे.

३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर आरियसपक्षीय सम्राट व्हॅलेन्स गॉथांकडून मारला गेला. नंतर आलेल्या थिओडोसियसने ३८० मध्ये नायसियाच्या मताच्या बाजूने फर्मान काढले आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला दीडशे बिशप जमविले. राजधानीत तोवर या वादाचे लोण बाजारापर्यंत पोहोचले होते. सराफाला मोड मागावी, रोटीवाल्याला भाव विचारावा, तर तो अजन्मा आणि जन्मलेला यांचे प्रवचन ऐकवी, अशी थट्टा निसाच्या ग्रेगरीने केली आहे. परिषदेने नायसियाची बाजू कायम केली आणि पवित्र आत्म्यावरील कलम विस्तारले. पित्यापुत्रांबरोबर त्याचीही उपासना होते, असे त्यात म्हटले. परंतु ज्या शब्दासाठी छप्पन्न वर्षे भांडण झाले तो होमोऊसिऑस हा शब्द आत्म्याच्या बाबतीत त्यांनी उच्चारलाच नाही. नाझियान्झसच्या ग्रेगरीला हा अपुरेपणा सलला. तो तेव्हा राजधानीचा बिशप आणि परिषदेचा अध्यक्ष होता. त्याच्या नेमणुकीवरही हरकत निघाल्यावर त्याने राजीनामा दिला, आणि त्याच्या जागी नेक्टारियस नावाच्या, अद्याप बाप्तिस्माही न झालेल्या, शहरच्या एका अंमलदाराची निवड झाली. पुढील वर्षी पुन्हा परिषदेचे बोलावणे आले तेव्हा ग्रेगरीने कळविले की, बिशपांच्या सभेतून काही भले निष्पन्न झालेले आपण कधी पाहिले नाही. आणि तो गावीच राहिला.